डाव्या चावीचं इंजिन

खेळण्यातल्या जुन्या आगगाड्यांबद्दल बोलायला आमच्या थोरल्या साडूंच्या तोडीचा माणूस मुलुंडमध्येच काय, दादरपासून ठाण्यापर्यंत सापडायचा नाही, हे मी लिहून द्यायला तयार आहे. गंमत म्हणजे त्यांनी तसली एकही गाडी उभ्या जन्मात हातात धरलेली नव्हती. सगळं ज्ञान रद्दीतल्या परदेशी मासिकांच्या फोटोंमधून आलेलं. रद्दीवाला त्यांना बघितलं की आधी स्टूल पुढे करतो आणि मग गठ्ठा सोडतो. माझी मेहुणी सांगते, "मला बघायला आले ना, तर आधी टीपॉयवरचं मासिक बघितलं. जाताना म्हणाले, हे नेऊ का? आमच्या बाबांना वाटलं, पसंती आली!"

विक्रोळीच्या एका कारखान्याच्या टूलरूममध्ये हयात घालवलेला हा माणूस फोटोसुद्धा व्हर्नियरने मोजतो. निवृत्त झाल्यावर त्यांनी एकाच फोटोवरून चावीचं इंजिन करायला घेतलं. फोटोत शेजारी पडलेल्या पेन्सिलीच्या जाडीवरून चाकांचं माप काढलं, तेलाच्या डब्याचा पत्रा कापला, जुन्या घड्याळाची स्प्रिंग बसवली. सहा वर्षं लागली. कुणी शंका काढली की म्हणायचे, "माणूस थापा मारेल, फोटो नाही मारणार."

सोसायटीच्या प्रदर्शनात ते इंजिन बघून अंधेरीच्या एका आजींनी निरोप ठेवला, की अगदी असंच अस्सल इंजिन आमच्याकडे आहे, या बघायला. मी सोबत गेलो. मेट्रोत बुटांचं खोकं मांडीवर धरून बसलेले साडू मला पहिल्यांदाच घाबरलेले दिसले. "काही चुकलं असेल का रे?" घाटकोपर ते अंधेरी त्यांनी चारदा विचारलं.

चुकलं होतं. टेबलावर दोन्ही इंजिनं शेजारी ठेवली, तर धुराडं, चाकं, रिव्हेटसुद्धा हुबेहूब. फक्त आजींच्या इंजिनाची चावी उजवीकडे आणि आमची डावीकडे. म्हटलं, वाट लागली! साडूंनी पिशवीतून मासिक काढून भिंग लावलं. पेन्सिलीवरची बारीक अक्षरं उलटी होती. मासिकवाल्यांनी फोटोच उलटा छापला होता. "सहा वर्षं हिची जाडी मोजली," ते खुर्चीत बसत म्हणाले, "वाचली नाही एकदाही."

आजी म्हणाल्या, "आमच्या ह्यांचं इंजिन मी कधी चालताना बघितलंच नाही हो. स्प्रिंग कधीची तुटलीय. तुमचं चालतं?"

साडूंनी चावी दिली आणि ते तेलाच्या डब्याचं इंजिन टेबलाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत असं काही धावलं की आजी टाळ्या वाजवायला लागल्या. मला इतका अभिमान वाटला की "हे माझे साडू" असं मी त्यांना पुन्हा सांगितलं. ते माझं दारातच सांगून झालं होतं.

मग आजींनी आपलं इंजिन उचलून साडूंच्या हातात दिलं. बाहत्तराव्या वर्षी, पहिल्यांदाच. त्यांनी ते दोन्ही तळहातांवर तोलून बघितलं. मला म्हणाले, "जड आहे रे. हे फोटोत कुठे कळतं?" इंजिन काही खाली ठेववेना त्यांच्याने. आजींनी ते बघितलं आणि न विचारताच आणखी एकदा चहा टाकला.