वजा केलेली हवा

खूप दूरच्या एका दीर्घिकेत कार्बनच्या कड्यांचे मोठाले रेणू सापडले, धुरात असतात तसलेच, ही बातमी मी लॅबमध्ये डबा खाताना मोबाइलवर वाचली. तिथून निघालेल्या इन्फ्रारेड प्रकाशात त्यांची खूण दिसली होती. खाली लिहिलं होतं की आधी शेजारच्या रिकाम्या आकाशाचा प्रकाश मोजतात आणि तो वजा करतात. रिकाम्या. मी डबा बंद केला.

अंबरनाथच्या एका केमिकल कंपनीत मी आयआर मशीन चालवते. तेही इन्फ्रारेडच. बहुतेक वायू या प्रकाशातला आपापला भाग गिळतात, त्यावरून ते ओळखायचे. पण आधी नायट्रोजन भरून कोरं माप घ्यायचं, मग मशीन ते नमुन्यातून वजा करतं. नायट्रोजनचा सिलिंडर संपला की आम्ही सरळ लॅबची हवा घ्यायचो. सगळेच घ्यायचे. तिच्यातल्या केमिकलच्या वासाची इतकी सवय झाली होती की तीच हवा आम्हाला कोरी वाटायची.

आमचं घर कंपनीच्या भिंतीमागेच. दोन वर्षांपूर्वी आप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, खोकला वाढला. कंपन्यांपासून लांब, वांगणीला राहणारी आत्या तिच्याकडची खोली द्यायला तयार होती. तिकडे चला म्हणून मी आप्पांच्या हात धुऊन मागे लागले होते. आप्पा म्हणाले, "तुझ्या मशीनवर टाक ना इथली हवा. खराब निघाली तर उद्याच सामान बांधतो, प्रॉमिस."

मी पिशवीत घरातली हवा भरून नेली. सिलिंडर नेमका रिकामा होता. मशीनने लॅबची हवा घरच्या हवेतून वजा केली आणि कागदावर सरळ रेघ आली, म्हणजे हवेत काहीच नाही. घरातही लॅबसारखाच वास यायचा, तरी मी रेघेवर विश्वास ठेवला. एवढ्या लांबचा धूर लोकांना दिसला आणि मला बापाच्या उशाशी असलेला दिसला नाही. माझ्यासारखी मूर्ख मीच.

आप्पा तिथेच राहिले. आता घरात ऑक्सिजनचं मशीन घरघरत असतं. डॉक्टर म्हणतात, आता कुठे हलवून उपयोग नाही.

बातमी वाचली त्या संध्याकाळी सगळं सांगायचंच असं ठरवून घरी गेले. आत्या आलेली होती. "दादा, तेव्हाच आला असतास तर! काय ही हवा इथली," ती डोळे पुसत म्हणाली.

आप्पांनी नाकावरची नळी बाजूला केली. "हवेला नाव ठेवू नको," ते दम घेत घेत म्हणाले. "पोरीनं स्वतः तपासलीय. काय गं?"

मी "हो" म्हटलं.