बाईंच्या मागच्या पायरीवरची तारखेची पानं

मार्थाबाईंना मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा त्या माझ्या आईचा ताप बघत होत्या आणि मी दाराआडून त्यांचे बूट बघत होते. धरणाच्या वसाहतीत बाईमाणसाच्या पायात बूट म्हणजे त्या काळी नवलच. दवाखान्यात नव्यानं आलेल्या या नर्सबाई नगरकडच्या, आमच्यासारख्याच कॅथलिक, आणि मुळशीच्या चिखलात चपला टिकत नाहीत हे त्यांना पहिल्याच पावसाळ्यात उमगलं होतं. ताप बघून झाल्यावर त्यांनी मला विचारलं, "मोनिका ना तू? संध्याकाळची प्रार्थना म्हणतेस का?" मी म्हटलं, हो. ते धादांत खोटं होतं. "मग उद्यापासून माझ्या पायरीवर येऊन म्हण," बाई म्हणाल्या. माझं खोटं त्यांनी तेव्हाच ओळखलं होतं, हे मला कळायला बरीच वर्षं गेली.

आज बाई साठ वर्षांच्या होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथासाठी संपादकांनी मला 'बाईंचे कार्य' असा भारदस्त विषय दिला आहे. दवाखान्याबद्दल, भर पावसात होडीनं पलीकडच्या गावी जाऊन त्यांनी केलेल्या बाळंतपणांबद्दल जाणती माणसं लिहितीलच. मला ठाऊक आहे ती त्यांच्या खोलीमागची दगडी पायरी. मी तेवढ्याबद्दलच लिहीन म्हणते.

वसाहतीत ख्रिस्ती घरं बोटांवर मोजण्याइतकी होती. चर्च नव्हतं. फादर महिन्यातून एकदा पुण्याहून एस.टी.नं येत, शाळेच्या वर्गात लॅटिनमध्ये मिस्सा, म्हणजे आमची सामूहिक उपासना, करीत आणि जेवून परतीची गाडी गाठीत. बाकीचे दिवस देव आमच्या भरवशावर. लहानग्यांना आया प्रार्थना शिकवीत, म्हाताऱ्यांना त्या पाठच असत. मधल्यामध्ये आम्ही सात जण, तेरा ते सतरा वयाची, ना धड लहान ना मोठी. बाईंनी नेमकं आम्हालाच धरलं.

ती पायरी अजून माझ्या स्वप्नात येते. समोर उतरतं गवत आणि त्यापुढे धरणाचं पाणी, दिवेलागणीला राखाडी होत जाणारं. हिवाळ्यात पाण्यावरून धुकं वर सरकत यायचं, आधी गवत दिसेनासं व्हायचं, मग आमचे पाय. बाई झाडाला टांगलेली लोखंडी पट्टी तीन-तीनदा वाजवीत आणि आम्ही देवदूताची प्रार्थना सुरू करीत असू. आमचेच आवाज पाण्यावरून जाऊन पलीकडच्या डोंगरातून उशिरानं परत येत. मला वाटे, तिकडेही सात जण बसलेत आणि तेही आपल्यासाठी म्हणताहेत. होडीवाले धोंडिबा पट्टी ऐकून शेवटची फेरी सोडायचे. एकदा ते बाईंना म्हणाले, "बाई, तुमचा देव लई शिस्तीचा हाय. आमचा इठोबा बगा, कवा बी हाक मारा, हुबाच." बाई हसून म्हणाल्या, "शिस्त देवाला नको असते धोंडिबा, या पोरांना हवी असते."

प्रार्थनेनंतर चिंतन. बाईंच्या भिंतीवर रोजची तारीख फाडायचं कॅलेंडर होतं. फाडलेलं पान त्या टाकून देत नसत. पाळीपाळीनं आमच्यातल्या एकाला ते मिळे, आणि त्याच्या कोऱ्या पाठीवर तीन प्रश्नांची उत्तरं लिहायची असत: आज काय दिसलं, कुणाला दुखवलं, उद्या काय मागायचं. लिहून झालं की वाचायचं आणि पान बाईंच्या बिस्किटांच्या डब्यात टाकायचं. पहिल्या पाळीला मी जुन्या प्रार्थनापुस्तकातली जड जड वाक्यं उतरवून मोठ्या तोऱ्यात वाचली. बाईंनी ऐकून घेतलं आणि विचारलं, "छान आहे. पण आज तुला काय दिसलं?" मी रडायच्या बेतात होते. मी म्हटलं, "आईनं खोकताना रुमाल लपवला." बाई म्हणाल्या, "तेच लिही."

आईला क्षय होता. त्या वर्षी माघात तिला पुण्याच्या इस्पितळात हलवलं. मी तेव्हा चौदा वर्षांची होते आणि त्या वयाच्या मुलींना सुचतो तसा एक करार मी देवाशी गुपचूप केला. राखेच्या बुधवारपासून पुनरुत्थानाच्या सणापर्यंत, म्हणजे ईस्टरपर्यंत, उपवासाच्या काळात एकही संध्याकाळ चुकवायची नाही, आणि देवानं सणाला आईला घरी पाठवायचं. हे मी कुणालाही सांगितलं नाही. देवालाही मोठ्यानं सांगितलं नाही, ऐकलं असेल असं गृहीत धरलं.

निम्मा काळ मी तो करार डोळ्यांत तेल घालून पाळला. मग एके दिवशी माझे वडील, आप्पा, मला आईला भेटायला घेऊन गेले. आई माझ्याशी बोलता बोलता थांबायची, छताकडे बघायची, पुन्हा बोलायची. परत येताना एस.टी. पौडजवळ बंद पडली. वसाहतीत उतरले ती मी घरी न जाता थेट पायरीवर गेले, कारण त्या दिवशी पानाची पाळीही माझीच होती. कुणी आलं नव्हतं. मी भिंतीला डोकं टेकवलं. पट्टीचा आवाज खूप खोल पाण्याखालून आल्यासारखा ऐकू आला, आणि कुणीतरी अंगावर शाल टाकली एवढंच आठवतं. जाग आली ती सकाळी, घरात. आप्पा म्हणाले, "बाई म्हनल्या, उठवू नगा तिला. मग उचलून आनली."

मी उरलेल्या सगळ्या संध्याकाळी गेले. उगीचच दुप्पट प्रार्थना म्हटल्या. सणाच्या आदल्या आठवड्यात आई गेली.

त्यानंतर मी पायरीवर जाणं सोडलं. पट्टी वाजली की कानांवर हात ठेवायची. बाईंनी ना निरोप धाडला, ना उपदेश केला. एका दुपारी त्या आमच्या ओट्यावर येऊन बसल्या, मी चिंचा फोडत होते, त्याही फोडू लागल्या. चिंचोके एकीकडे, गर एकीकडे. निम्म्या चिंचा फोडून झाल्यावर माझ्या तोंडून आपसूक निघालं, "मी झोपले म्हणून आई गेली." आणि मग तो सगळा करार मी त्यांना सांगितला.

बाईंचे हात थांबले. "इतके दिवस हे एकटीनं वाहिलंस?" एवढंच म्हणून त्या उठल्या आणि घरी गेल्या. मला वाटलं, रागावल्या. पण लगेच परतल्या त्या बिस्किटांचा डबा घेऊन. चिंचेनं चिकट झालेल्या बोटांनी त्यांनी पानं उलटली आणि एक माझ्या हातात दिलं. त्या झोपेच्या दिवसाची तारीख होती. मागे बाईंच्या गोल अक्षरात लिहिलं होतं: 'आज मोनिका आईला भेटून दमून आली आणि झोपली. तिच्या वाटचं मी म्हटलं.'

"बघ, तुझा दिवस चुकलेला नाही," बाई म्हणाल्या. "आणि चुकला असता तरी पोरीच्या झोपेवर आईचा जीव टांगून ठेवणारा देव नाही तो. तसा असता तर मीच ती पट्टी विहिरीत टाकली असती."

"मग आई का गेली?"

"मला नाही कळत. मीही रोज विचारते."

फादरांनी मला काहीतरी उत्तर दिलं असतं, आणि मी ते पाठही केलं असतं. बाईंनी उत्तर दिलं नाही, म्हणून दुसऱ्या दिवशी मी पायरीवर गेले. माझा देव मला तिथं परत मिळाला, हे मी आज सगळ्यांसमोर लिहून ठेवते.

आता मिस्सा मराठीत होते. मी पुण्यात शिक्षिका आहे आणि आठवड्यातले सहा दिवस शाळा सुटल्यावर दहा-बारा मुलामुलींना घेऊन बसते. तीन प्रश्न तेच आहेत. मुलं अजूनही पहिल्या पाळीला पुस्तकातलंच उतरवून आणतात, आणि मीही तोच एक प्रश्न विचारते. बाईंनी दिलेलं ते पान माझ्या प्रार्थनापुस्तकात आहे. चिंचेचा डाग अजून गेलेला नाही.

परवा बाईंना भेटले. गुडघे कुरकुरतात, पण पट्टी वाजवायला त्या अजून स्वतःच उठतात. म्हणाल्या, "हल्ली जपमाळ म्हणता म्हणता डोळा लागतो गं. लाज वाटते." त्याचं उत्तर इथं सांगते. बाई, तुम्हाला उदंड आयुष्य मिळो, त्या बुटांचे आणखी कितीतरी जोड झिजोत, पाण्यावरच्या धुक्यात तुमची पट्टी वर्षानुवर्षं वाजत राहो. आणि जपमाळ हातात असताना डोळा लागला तर खुशाल झोपा. शाल आम्ही घालू. तुमच्या वाटचं आम्ही म्हणू.