ताराक्कांची पाटी

गेल्या शनिवारी चौथीच्या पोरांना घेऊन ताराक्कांच्या मळ्यात गेले होते. शाळेपासून चालत जाण्याइतकं जवळ... तरी आदल्या दिवसापासून मला धाकधूक.

मी कवठे महांकाळजवळच्या एका लहान गावात शिक्षिका आहे. इथल्या पोरांच्या घरी रान आहे, पण द्राक्षाचं नाहीतर डाळिंबाचं. भाजी येते आठवडी बाजारातून. मातीतून गाजर उपटताना अर्ध्या वर्गाने पाहिलेलं नव्हतं.

ताराक्का विहिरीच्या पाण्यावर वांगी, गाजरं, मेथी करतात. पोरांना आणू का म्हणून विचारायला गेले, तर म्हणाल्या, "आणा की. दर शनिवारी आणा, मलाबी सोबत." मुख्याध्यापक सरांनीही होकार दिला. मला तर आनंदाने काय करू नि काय नको झालं.

मग सुरू झाली माझी काळजी. पोरं वाफे तुडवतील... वांगी तोडतील... उद्या गावात कुणी म्हणालं, बाईंच्या पोरांनी मळा साफ केला, तर?

म्हणून निघताना शाळेच्या फाटकापाशी सगळ्यांना उभं केलं. काही तोडायचं नाही. मागायचं नाही. आणि कुणी दिलं तरी घ्यायचं नाही. एका सुरात म्हणून घेतलं. माझं समाधान होईना, म्हणून परत एकदा.

मळ्यात मात्र पोरं इतकी शहाण्यासारखी वागली की मीच हरखले. बांधावरून एकामागे एक चालली. ताराक्कांनी गाजराचा पाला धरून हिसका दिला आणि लालभडक गाजर वर आलं, तेव्हा अख्खा वर्ग "ओऽऽ" करून ओरडला.

ताराक्कांनी चांगली ढीगभर गाजरं उपटली. पाटाच्या पाण्यात धुऊन पाटीत भरली आणि पहिलं गाजर समर्थपुढे धरलं.

समर्थने दोन्ही हात पाठीमागे घेतले. "नको आज्जी."

मग आराध्यापुढे. तिचेही हात मागे. "भूक न्हाई आज्जी." डोळे मात्र गाजरावरून हलेनात.

बघता बघता सगळी रांग हात मागे बांधून उभी. ताराक्का हसल्या. "आवं बाई, ही पोरं हायती का पलटण? सावधान म्हणाला काय तुमी?"

"बाईंनी सांगितलंय," समर्थ म्हणाला, "दिलं तरी घ्यायचं न्हाई."

ताराक्कांचं हसू गेलं. हातातलं गाजर त्यांनी पाटीत ठेवलं आणि पदराला हात पुसले.

"आमच्या रानातनं वानवळा घेतल्याबिगर कोण जात न्हाई, बाई. वाटंवरचा माणूस न्हाई जात. आन् ही तर लेकरं." पुढे म्हणाल्या, "रिकामंच न्यायचं आसंल तर पुढल्या शनवारी नका आणू. माझ्यानं बघवायचं न्हाई."

चांगलं वागायच्या नादात मी त्यांच्या दारात त्यांचाच अपमान केला होता... आणि पोरांचे सगळे शनिवार एका वाक्यात घालवले होते.

मग जे खरं होतं तेच सांगितलं.

माझं माहेर फलटणकडचं. आमचं स्वतःचं रान नव्हतं. आई दुसऱ्यांच्या रानात खुरपायला जायची. संध्याकाळी निघताना कुणी विचारायच्या आधीच मालकासमोर कंबरेला खोचलेला पदर सोडून झटकून दाखवायची. शेंगेचं टरफलसुद्धा पडायचं नाही त्यातून. घरात शिकलेली मी पहिलीच, पण अक्षरांच्या आधी मी हे शिकले... दुसऱ्याच्या रानातलं काही आपल्या अंगाला लागता कामा नये.

ताराक्का बांधावर बसल्या आणि मलाही बसवलं.

"आमी मेंढरामागं फिरणारी माणसं, बाई. ज्याच्या रानात खतासाठी मेंढरं बसवायची, त्या घरची बाई भाकरी-कालवण आणून द्यायची. कुणी कणसं द्यायची. मी ल्हान हुते, वंजळ पुढं करून घ्यायची." त्यांनी पाटी माझ्याकडे सरकवली. "लय वरसं घेतलंय मी. आता कुठं रान पिकाया लागलंय. मला देऊ द्या की."

मी पोरांकडे वळले. "घ्या रे," एवढंच म्हणाले.

पुढचा काही वेळ मळ्यात फक्त कडाकडा आवाज. समर्थने तर पाल्यासकट खायला सुरुवात केली. "आरं बोकडा, पाला ठिव की!" ताराक्का ओरडल्या आणि सगळे खो खो हसले. मीही... इतक्या वेळात पहिल्यांदा.

निघताना त्यांनी पाटीभर भाजी शाळेच्या खिचडीसाठी दिली. माझी ओढणी हातात घेऊन तिच्यात चार गाजरं बांधली, वर गाठही स्वतःच मारली. मळ्याच्या वाटेपाशी आल्यावर पोरांना म्हणाल्या, "शनवारी वांगी तोडायची हायती. हात म्होरं घिऊन या, मागं न्हाई."

घरी येऊन आईला फोन केला. गाजरांचं, पाटीभर भाजीचं सांगितल्यावर तिचा पहिला प्रश्न, "इचारून घेतलीस न्हवं?"

"मागितली नाहीत गं. त्यांनीच बांधून दिली."

माझ्या आईच्या पदरात कुणी असं काही बांधलं होतं का, हे विचारायचा धीर मला झाला नाही. तीच म्हणाली, "बरं केलं बाईनं. आन् पाटी रिकामी नको धाडूस."

पाटी अजून वर्गाच्या कोपऱ्यात आहे. शाळेच्या नळाखाली पोरांनी लावलेली मेथी जेमतेम पेरभर वर आलीय. रोज मधल्या सुट्टीत सगळी वाकून बघतात, वाढली का...

ताराक्का, थोडा धीर धरा. पाटी आणतोय आम्ही. मूठभर का होईना, भरून.