डाव्या हाताचा पाच

अर्धांगवायूच्या झटक्यानं बालवर्गाच्या बाईंचा उजवा हात लुळा पडला. काही महिन्यांनी त्या शाळेत परतल्या, तर मुख्याध्यापिका म्हणाल्या, "आता घरीच आराम करा. फळ्यावर अंक कोण काढणार?"

"मीच की," म्हणत बाई डाव्या हातात खडू धरून वर्गात शिरल्या. पाच असा वेडावाकडा आला की पुढच्या बाकावरची चिमुरडी खुदकन हसली.

"बाई, तुमचा पाच तोंडावर पडतोय."

"पडू दे. पुसते नि पुन्हा काढते. तूही काढ."

मुलं पाटीवर, बाई फळ्यावर, सगळेच गिरवायला लागले. मुख्याध्यापिका दारातून बघत होत्या. बाई त्यांना म्हणाल्या, "यांच्या अक्षराला वळण येईल तेव्हा माझ्याही येईल. तोवर मी काही हलत नाही."

मुख्याध्यापिका निघून गेल्या. बाईंनी सहा काढायला घेतला.