आबामामा आणि माझी एक सही

आबामामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी कारखान्यात बाकांना पॉलिश करून घेत होते. इथल्याच, हैदराबादच्या तारनाक्याहून मामी एवढंच म्हणाली, “ये गं लगेच… मामा गेले.” त्याला आता महिना होईल. मामा वकील, आयुष्यभर कंपन्यांचेच कागद पाहिले त्यांनी. माझी नोकरी त्यांच्यामुळे वाचली. भाची म्हणून वाचवली असं मात्र कुणी समजू नये. नात्यागोत्याचं त्यांना काडीचं कौतुक नव्हतं!

बऱ्याच वर्षांपूर्वीची गोष्ट. दिलसुखनगरच्या कोचिंग क्लासेसना बाक पुरवणाऱ्या एका छोट्या लिमिटेड कंपनीत मी मॅनेजर होते. दोघे भाऊ डायरेक्टर. मोठ्या ऑर्डरवर दोघांच्याही सह्या हव्यात, असा कंपनीचा ठराव होता. पण नांदेडला त्यांच्या घरचं लग्न निघालं. गाडीत बसता बसता मोठ्या साहेबांनी माझ्या हातात शिक्का ठेवला आणि भेटायला आलेल्या एका क्लासवाल्यादेखत म्हणाले, “आता तूच बघून घे.” आपल्याकडे कारभार असाच चालतो ना! दुसऱ्याच दिवशी त्या क्लासवाल्यानं भली मोठी ऑर्डर आणली, तीही क्लास सुरू व्हायच्या आत हवी. मी सही ठोकली. ठराव माहीत असून ठोकली. मिजास, दुसरं काय!

भाऊ परतले आणि भडकले. एवढे बाक वेळेत होणं कठीणच होतं. ‘मॅनेजरला अधिकारच नव्हता असं कळवू आणि हिला काढू,’ असं ठरवून मला घेऊनच ते मामांकडे आले; कंपनीचे वकील तेच होते. मामांनी एकच विचारलं, “‘तूच बघून घे’ हे त्या माणसासमोर बोललात?”

“हौ, बोललो, पण…”

“पण कसला? तुमचा आतला ठराव त्याला काय माहीत? त्यानं हिला खुर्चीत बसलेलं पाहिलं, हिच्या हातात तुमचा शिक्का पाहिला. हिची सही ती कंपनीची सही. बाक द्यावेच लागतील. आणि शिक्का तुम्हीच दिलात, तेव्हा हिला काढायचंही नाही.”

मला हायसं वाटलं, तोच ते माझ्याकडे वळले. “आणि तू? त्याच्यापुढे कंपनी बांधली गेली म्हणून तू सुटलीस होय? ठराव मोडलायस. शेवटचा बाक बाहेर पडेपर्यंत कारखाना सोडायचा नाही.” अस्सा राग आला होता मला… पण राहिले. बाक वेळेत गेले, नोकरीही टिकली. शाबासकी? छे!

आज मी त्याच कंपनीत डायरेक्टर आहे. गेल्या आठवड्यात आमची नवी मॅनेजर श्रीलता हिनं मला न विचारता सुलतान बाजारातल्या एका दुकानाला कपाटं देण्याचा करार करून टाकला. कपाटं आम्ही कधी केलेलीच नाहीत! दुकानदाराचा फोन आला, “मॅडम, आपकी मॅनेजर बोली सो पक्का है ना?” थोड्या वेळात सांगते म्हटलं आणि सवयीनं मामांचा नंबर लावला. मामीनं उचलला. “अगं…” एवढंच ती बोलू शकली, आणि दोघीही रडलो. खूप आठवण येते हो त्यांची.

मग डोळे पुसले. श्रीलताला टेबल, कार्ड, शिक्का सगळं मीच दिलेलं होतं. दुकानदाराला फोन केला आणि म्हटलं, “हौ, पक्का. वो बोली मतलब कंपनी बोली.” समोर उभ्या पोरीचा जीव भांड्यात पडला. तिला म्हटलं, “बस. आता तुझ्याशी बोलायचंय.”