बाजूच्या सीटचा पट्टा

मंडळी, आज जुनी गाडी घेतली आणि अंगावरचा काटा अजून गेलेला नाही.

आमची महागडी गाडी रस्त्यापेक्षा गॅरेजातच जास्त असायची. ती विकली आणि मागे आंब्याच्या पेट्या मावतील अशी लांब, भरवशाची गाडी शोधत होतो. आज मिरजोळ्यात मिळाली. मालक वारलेले, बायकोने विकायला काढलेली. इंजिन एकदम ठणठणीत.

किल्ली देण्याआधी मालकांच्या धाकट्या भावाने बोनेटवर नारळ ठेवून गेलेल्या भावालाच गाऱ्हाणं घातलं. "दादा, आमची राखण केलीस, तशी या पाव्हण्यांची पण कर रे म्हाराजा!"

सवयीने सगळ्यांबरोबर मीही म्हणालो, "व्हय म्हाराजा!"

परत येताना गाडीत मी एकटाच. तरी बाजूच्या सीटचा पट्टा लावा म्हणून गाडी सारखी वाजत राहिली. सीटवर साधी पिशवीसुद्धा नव्हती. मेकॅनिकला फोन केला, तर म्हणाला, "सेन्सर गेला असेल, उद्या आणा."

शेवटी गाडी कडेला घेऊन रिकाम्या सीटला पट्टा लावला. आवाज बंद.

घरी पोचल्यावर उतरण्याआधी तो पट्टा आठवणीने सोडला. त्यांनाही उतरायचं असेल ना?

खरं सांगा, उद्या तो सेन्सर दुरुस्त करून घेऊ का?