ओ निगेटिव्हची यादी

सविता भालेराव नाशिकच्या एका छोट्या रक्तपेढीत लागली तेव्हा तिचं काम रजिस्टरं लिहिण्याचं होतं. सातपूरच्या कारखान्यातल्या फिटरची ही मुलगी. अक्षर इतकं स्वच्छ, की पेढीच्या डॉक्टर मॅडम दुसऱ्या कुणाला वहीला हात लावू देत नसत. पुढे रजिस्टरांना वाळवी लागली. तेव्हा हट्ट धरून तिनं एक जुना कॉम्प्युटर मिळवला आणि दोन वर्षं बसून साडेचार हजार रक्तदात्यांची नावं, गट, फोन त्यावर चढवले. वाळवीची रजिस्टरं मागच्या अंगणात जाळून टाकली.

२००२ सालापर्यंत यादी फुगली आणि कॉम्प्युटर धापा टाकू लागला. एखादा गट शोधायला सांगावा, तर पडदा गोठायचा. "मेमरी कमी पडतेय, एक पट्टी वाढवा," दुरुस्तीवाला अमित म्हणाला. पट्टी आणूनही दिली. बसवायला मात्र आज येतो, उद्या येतो.

मार्चमधल्या एका दुपारी सविताचा धीर सुटला. अमितला हे काम करताना तिनं एकदा पाहिलं होतं. तिनं वायर काढली, डब्याचं झाकण उघडलं आणि जुन्या पट्टीशेजारच्या खाचेत नवी पट्टी दाबून बसवली.

चालू केल्यावर पडदा काळाच राहिला. डब्यातून एक लांब शिट्टी आली. थांबली. पुन्हा आली.

तेवढ्यात दारात एक माणूस येऊन उभा राहिला. पेठकडच्या पाड्यावरचा भिका. हातात दवाखान्याची चिठ्ठी. त्याची बायको तानुबाई सकाळी बाळंत झाली होती. मूल ठीक होतं, पण तिचं रक्त थांबत नव्हतं. गट ओ निगेटिव्ह, तीन पिशव्या हव्या होत्या. फ्रिजमध्ये एकच होती.

"ही लगेच पाठवते," मॅडम म्हणाल्या. "सविता, यादी काढ. दोन दाते हवेत, तेही आत्ता."

"काढते," सविता म्हणाली. मशीन बंद पडलंय हे सांगायला तिची जीभच उचलली नाही.

मॅडम आत जाऊन दुसऱ्या पेढ्यांना फोन लावू लागल्या. एकेका फोननंतर "नाही का? बरं," एवढंच ऐकू येत होतं. सवितानं अमितच्या दुकानात फोन केला. तो चांदवडला गेला होता. तिनं नवी पट्टी काढली, जुनी एकटीच ठेवून पाहिली. पुन्हा शिट्टी. म्हणजे जुनीही हलली होती. साडेचार हजारांहून जास्त माणसं त्या डब्यात होती आणि तिला एकाचाही फोन नंबर पाठ नव्हता.

भिका बाकावरून उठून जवळ आला. "बाय, रगत मिळंल ना?"

"मिळेल. बसा तुम्ही," ती म्हणाली, पण त्याच्याकडे बघवेना.

वडील घरी पंप उघडून बसायचे तेव्हा म्हणायचे, बसत नसेल तर जोर लावू नको, आधी पूस. तिनं वायर काढली. अंगातली वीज उतरावी म्हणून लोखंडी डब्याला हात लावला. दोन्ही पट्ट्यांचे पिवळे दात पांढऱ्या खोडरबरानं हलके घासले, खाचेतली धूळ फुंकली. मग एकेक पट्टी सरळ धरून दोन्ही अंगठ्यांनी सारखी दाबली. दोन्हीकडचे चाप आपोआप वर आले, टक् टक्. मघाशी एकच आला होता.

शिट्टी आली नाही. काळ्या पडद्यावर मेमरी मोजणारे पांढरे आकडे चढू लागले आणि जुन्या जागी न थांबता दुप्पट झाले. यादी उघडली. तिनं गट टाकला. अर्ध्या मिनिटात पहिली एकोणीस नावं समोर.

पहिले चार नंबर बंद. पाचवा माणूस मुंबईला गेलेला. सहावी कॉलेजातली एक बाई. "रिक्षानं निघते," म्हणाली. अकरावं नाव सातपूरच्या देवरामचं. तो कारखान्यात पाळीवर होता. गेटवरच्या माणसानं सुपरवायझरला गाठलं, त्यानं देवरामला तेलकट कपड्यांतच मोटारसायकलवर पाठवलं. तपासण्या होऊन दुसरी पिशवी भिकाच्या हातात पडली तेव्हा साडेपाच झाले होते. तिसरी सहानंतर गेली. रक्त थांबल्याचा निरोप आठला आला.

सविता मॅडमसमोर उभी राहिली. "मॅडम, मशीन माझ्यामुळे बंद पडलं होतं. मी न विचारता उघडलं."

"शिट्टी मला आतपर्यंत ऐकू येत होती."

"मग बोलला का नाहीत?"

"बोलले असते तर तुझे हात थरथरले असते." मॅडमनी चष्मा काढून डोळे चोळले. "पण मला सांगायला हवं होतंस. मी दुसरं काही बघितलं असतं."

त्या रात्री सविताला बराच वेळ झोप आली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं आधी सगळी यादी कागदावर छापून घेतली, मग चहा प्यायली.

चार दिवसांनी भिका पुन्हा आला. तानुबाई उठून बसायला लागली होती. तो टेबलाजवळ घुटमळला.

"त्यात माझं पण नाव घाला," तो म्हणाला. "गट मला ठाव नाय."

"तो आम्ही बघू," म्हणत सवितानं त्याच्यासाठी खुर्ची ओढली.